अनारसे, माफी आणि दुसरी संधी : बडोद्याच्या घरातली हलकीफुलकी कादंबरी लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी चूक, ती निस्तरायला निघालेली बाई आणि हसत हसत वाचता येईल अशी गोष्ट, एवढ्या भांडवलावर कादंबरी लिहायला बसलेल्यांसाठी हे पान आहे. घर बडोद्यातलं, माणसं मराठी, शेजार गुजराती असं धरलं आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण बहुतेक उत्तरांत वापरलं आहे : दोन जावा आणि ३३ अनारसे.

हलकीफुलकी म्हणजे विनोदी का?

विनोद असतो, पण कादंबरी त्याच्या जोरावर चालत नाही. ती चालते भरवशावर. शेवट बरा होणार हे वाचणारीला पहिल्या दहा पानांतच कळलेलं असतं. तिला उत्सुकता असते ती कसा होणार याची, आणि त्यासाठी कोणाला काय सोसावं लागणार याची. हा भरवसा आधीच दिलेला असतो म्हणून मधल्या भागात दुखणं अगदी खरं लिहिता येतं. पुष्कळ जणी उलट करतात : हलकं लिहायचं म्हणून दुखणंच पातळ करतात. मग शंभराव्या पानावर माफी मागायला काही उरतच नाही.

चूक केवढी असावी?

वाचणारीला वाटलं पाहिजे की हे मीही केलं असतं, आणि लगेच वाईटही वाटलं पाहिजे की केलं असतं. खून, अफरातफर, परपुरुष हे इथे जड होतं. वाढदिवस विसरणं, फोन न उचलणं हे फार हलकं. मधली जागा घरातच सापडते : लपवलेली चिठ्ठी, स्थळ आलं तेव्हा मुद्दाम धरलेलं मौन, दागिन्यांच्या वाटणीत गिळलेला एक शब्द, हातचं राखून सांगितलेली पाककृती.

आमचं उदाहरण शेवटच्या जातीचं. २००४ साली अधिक श्रावण होता. नणंदेचं लग्न नुकतंच झालेलं, पहिलाच धोंड्याचा महिना, जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं. नव्याने घरात आलेली धाकटी जाऊ म्हणाली, अनारसे मी करते. प्रमाण विचारायला ती मोठीकडे गेली. ३३ अनारशांना अर्धा किलो तांदूळ पुरतो. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, सावलीत फडक्यावर पसरायचा, दमट असतानाच कुटून बारीक चाळायचा आणि पिठाच्या बरोबरीने किंवा जरा कमीच गूळ घालायचा. मोठीने सगळं नीट सांगितलं. गूळ तेवढा पाऊण किलो सांगितला.

गूळ जास्त झाला की पीठ सैल होतं आणि अनारसा तुपात पडताच पसरतो, विरतो, त्याची नुसती जाळी तरंगत राहते. आपल्याकडे याला अनारसा हसला म्हणतात. व्याही-विहीण बाहेर बसलेले, आत कढईत एकामागून एक अनारसे हसताहेत. नंतर बाहेरचेही हसले. मोठी म्हणाली, 'हवा दमट आहे ना, पावसाळ्यात होतं असं.' धाकटीने त्यानंतर बावीस वर्षं सणाला त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही.

तांदूळ-गुळाएवढी चूक, आणि एका बाईचं घरातलं स्थान गेलं. कृती लहान आणि नुकसान मोठं असेल तर कादंबरी हलकीही राहते आणि पोकळही होत नाही.

नुकसान नेमकं लिहायचं म्हणजे काय करायचं?

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी वहीत चार ओळी लिहा. काय गेलं : वस्तू, पैसा, वेळ, मान, की नातं? कोणासमोर गेलं? कोणाला खरं माहीत होतं आणि गप्प कोण बसलं? आज ते कितपत भरून येऊ शकतं?

तिसरी ओळ सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि कादंबरीचं मधलं पोट तिच्यावरच भरतं. आमच्या उदाहरणात सासूबाईंनी डबा उघडून गूळ बघितला होता आणि त्या बोलल्या नाहीत. नणंदेने त्या दिवशीचा किस्सा सासरी बावीस वर्षं रंगवून सांगितला. म्हणजे मोठीला एका धाकटीची माफी मागून भागणार नाही. तिला नणंदेची ती गोष्ट बदलायची आहे. इथून तीन-चार प्रकरणं आपोआप निघतात.

चूक वाचणारीला कधी कळावी?

पहिल्या पाचव्या हिश्श्यात. दोनशे पानांची कादंबरी असेल तर चाळिसाव्या पानाच्या आत. शेवटापर्यंत झाकून ठेवलेलं गुपित ही रहस्यकथेची रीत आहे. इथे वाचणारीने नायिकेच्या बाजूने कट करायला हवा, 'आता तरी सांग गं बाई' असं म्हणत पान उलटायला हवं. धाकटीला मात्र उशिरा कळलं तरी चालतं. वाचणारीला ठाऊक आणि धाकटीला नाही, या फरकातूनच निम्मा विनोद येतो.

नायिका चूक करणारी असावी की सोसणारी?

चूक करणारी लिहायला अवघड, पण पुस्तक तिचं असावं असं आम्हाला ठामपणे वाटतं. सोसणारीची बाजू वाचणारी तशीही घेते. करणारीच्या बाजूला तिला आणण्यात लेखिकेचा कस लागतो. त्यासाठी एक साधी गोष्ट पाळा : नायिकेने स्वतःची बाजू स्वतः मांडू नये. मोठीला त्या वर्षी घरात काय सोसावं लागत होतं ते दिसू द्या. सहा वर्षं सणाचा स्वयंपाक तिने एकटीने ओढला, आणि नवी सून आल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, 'आता हिच्या हातचं खाऊ.' हे तिच्या तोंडून आलं की सबब होते. कढई घासताना मागून ऐकू आलं की कारण होतं.

माफी आणि भरपाई यांत फरक काय? कोणत्या क्रमाने लिहावं?

माफी एका वाक्यात मागता येते, म्हणून तिच्यावर कादंबरी उभी राहत नाही. भरपाईला वेळ, कष्ट, पैसा, लाज यांपैकी काहीतरी जातं आणि ते पानावर दिसतं.

क्रम साधारण असा जमतो. आधी कबुली, आणि तीही नेमकी : 'माझं चुकलं' एवढ्याने भागत नाही. 'अर्धा किलो सांगायचा तो गूळ मी पाऊण किलो सांगितला आणि मुद्दाम सांगितला', असं. त्यात 'पण' आला की कबुली बाद. मग जिचं नुकसान झालं तिचं ऐकून घेणं, मध्ये न बोलता. या प्रसंगाला किमान चार पानं द्या, कारण बावीस वर्षांचं साठलेलं दोन संवादांत रिकामं होत नाही. मग ज्यांच्यासमोर मान गेला त्यांच्यासमोर खरं सांगणं. मग ती जे मागेल ते करणं. आणि शेवटी, बऱ्याच पानांनंतर, तशीच वेळ पुन्हा आल्यावर नायिकेने वेगळं वागणं. हा शेवटचा टप्पा गाळला तर बाई बदलली यावर वाचणारीचा विश्वास बसत नाही. मोठीच्या घरी नवी सून येते आणि एक दिवस विचारते, 'आई, आमटीला गोडा मसाला किती?' तिथे मोठी क्षणभर थांबते. त्या क्षणाला अर्धं पान पुरतं, पण ते अर्धं पान हवंच.

किती प्रयत्न फसवायचे?

तीन. दोन कमी वाटतात, चौथ्याला वाचणारी कंटाळते. मात्र प्रत्येक प्रयत्न वेगळ्या कारणाने फसला पाहिजे, नाहीतर एकच प्रकरण तीनदा वाचल्यासारखं होतं.

पहिल्या खेपेला मोठी ३३ अनारसे स्वतः करून डबा धाकटीकडे पाठवते. डबा न उघडता परत येतो, वर धुऊन पुसून. वस्तू देऊन सुटका करून घ्यायला निघालेलं माणूस लगेच ओळखू येतं. दुसऱ्या खेपेला ती भिशीत सगळ्यांसमोर हात जोडते. बायका हळहळतात, धाकटीच्या पाठीवर हात ठेवतात, 'जाऊ दे गं, मोठी आहे ती' म्हणतात, आणि धाकटी अजूनच कोपऱ्यात ढकलली जाते. चारचौघांत मागितलेली माफी नाकारायची सोय नसते, म्हणून ती दांडगाईच ठरते. तिसऱ्या खेपेला मोठी एकांतात, खऱ्या मनाने बोलायला जाते आणि ऐन वेळी जीभ कच खाते : 'हवा दमट होती, पण माझंही थोडं...' धाकटी उठून गॅस बंद करते आणि म्हणते, 'मला बाजारात जायचंय.'

तिन्ही प्रसंगांत हसू येतं. प्रत्येकात मोठी आधीपेक्षा थोडी जास्त उघडी पडते, हे बघा.

जिचं नुकसान झालं तिने लगेच माफ केलं तर?

कादंबरी तिथेच संपली. किंमत ठरवायचा हक्क तिचा आहे, नायिकेचा नाही आणि लेखिकेचाही नाही. तिला विचार करायला पानं द्या. तिची मागणी विचित्र, नेमकी आणि थोडी खट्याळ असेल तर उत्तम.

आमची धाकटी मागते ते असं : नणंदेला बोलवा, तिच्या नवऱ्यालाही बोलवा, आणि त्यांच्यासमोर वहिनींनी पाऊण किलो गुळाचे अनारसे तळावेत. सगळेच्या सगळे हसेपर्यंत. या मागणीत सूड आहे, न्याय आहे आणि तूप वाया जाणार म्हणून मोठीच्या जिवाची होणारी घालमेलही आहे. ती एक किलो तूप आणताना दुकानात उभी राहून दोनदा भाव विचारते, तो परिच्छेद नक्की लिहा.

गोष्टीतली पाककृती किती खरी असावी?

पूर्ण खरी. या पुस्तकांच्या वाचक बहुतेक स्वतः करणाऱ्या असतात आणि एक चुकीचं माप दिसलं की पुढच्या सगळ्या माणसांवरचा त्यांचा विश्वास उडतो. अनारसा खसखशीवर थापतात, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडतात, उलटत नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवतात. पिठात गूळ कालवून गोळा चार-पाच दिवस मुरू देतात. हसायला लागले तर कोरडी तांदळाची पिठी थोडी मिसळून बघतात. जाळी पडत नसेल, कडक होत असतील तर कुस्करलेलं केळं किंवा चमचाभर दूध लावतात. या दुरुस्त्या कथानकात वापरा. २००४ मध्ये पिठी मिसळ, एवढं एक वाक्य सासूबाई बोलू शकल्या असत्या. त्या बोलल्या नाहीत, हे जाणकार वाचणारीला आपोआप टोचेल, तुम्ही सांगायची गरज नाही.

काळ कोणता घ्यावा? तिथी-वारांचा उपयोग होतो का?

फार होतो, आणि पंचांग उघडून बघणं बंधनकारक समजा. अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो. २००४ आणि २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, भर पावसाळा. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे बडोद्याचा कडक उन्हाळा. एवढ्या माहितीवर आमच्या उदाहरणाचा कणा उभा राहिला : २००४ ला 'हवा दमट आहे' ही सबब खपून गेली, २०२६ ला धाकटीच्या मुलीच्या पहिल्या अधिकात ती खपणार नाही. शिवाय महिना ३० दिवसांत संपतो, तांदूळ भिजवण्यापासून पीठ मुरेपर्यंत आठ-दहा दिवस जातात, म्हणजे घड्याळही मिळालं. गुजराती शेजारी याच महिन्याला पुरुषोत्तम मास म्हणतात आणि तोही याच तारखांना असतो, त्यामुळे शेजारच्या मासींचं व्रत आणि आपलं वाण एकाच जिन्यात भेटतं.

बडोद्याला आणखी दोन दिवस आयते मिळतात. श्वेतांबर जैनांची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला किंवा पंचमीला, म्हणजे आपला गणपती घरात येतो त्याच सुमारास. खाली आरती चाललेली असते आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायला येतात : कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. वर्षातून एकदा माफी मागायचा दिवस ठरवून दिलेल्या लोकांच्या शेजारी तुमची नायिका राहते. तिने त्या शेजारणीला विचारावं, 'हे सगळ्यांना एकत्र म्हटलेलं चालतं, की एकेकीला जाऊन म्हणावं लागतं?' पुढचं प्रकरण या एका प्रश्नातून निघेल. या प्रथेची थट्टा मात्र करू नका. तिचं वजन तसंच राहू द्या.

दुसरा दिवस उत्तरायण. १४ जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला सगळं शहर गच्चीवर असतं. उंधियू, जिलबी, बोटांना चिकटपट्ट्या, प्रत्येक पतंगामागे 'काप्यो छे'चा कल्ला. त्याच दिवशी मराठी घरात तिळगूळ. पतंग उडवणाऱ्याला फिरकी धरायला माणूस लागतं, आणि फिरकी धरणाऱ्याला ढील द्यायची की लपेटायचं हे दुसऱ्याचा हात बघून कळावं लागतं. बोलणं बंद असलेल्या दोघींपैकी एकीच्या हातात पतंग आणि दुसरीच्या हातात फिरकी आली की संवादाची गरज राहत नाही. ही तयार जागा आहे, तिच्यात 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला' हे वाक्य घालून ती वाया घालवू नका.

बडोदं किती दाखवावं?

पायांना लागेल तेवढं. दांडिया बाजार, सूरसागर, न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा, मांडवी हा चालत जाण्याचा पट्टा आहे आणि जुनी मराठी घरं त्याच्या आसपास आहेत. नायिका चालत निघाली की ओळखीचं कोणीतरी भेटतंच, त्यामुळे गुपित ठेवणं कठीण आणि कथानक सोपं. रेल्वेच्या पलीकडे अलकापुरी. मधलं गरनाळं, म्हणजे रुळांखालून जाणारा रस्ता, पावसात पाण्याने भरतं आणि दोन जावांमधलं अंतर एकदम वाढतं. फुलं, केळीची पानं, भाजी खंडेराव मार्केटमधून. ती इमारत १९०६ ची. कमाटीबाग म्हणा, कागदोपत्री सयाजीबाग असली तरी.

राजवाडा प्रत्येक प्रकरणात आणायची हौस आवरा. तिथे राहणाऱ्या बायका रोज त्याच्याकडे बघत नाहीत. त्या सेव उसळीची तरी वेगळी बांधून दिली का ते बघतात.

संवादात गुजराती किती असावं?

पानाला एक-दोन शब्द. 'आवजो', 'चालो', 'बेसो ने' हे कोणालाही कळतं. बाकीचं कृतीवरून कळू द्या, कंसात अर्थ देऊ नका. शेजारीण मासी, दुकानदार भाई, ओळखीची बाई नावापुढे बेन लावून. घरातली नाती मात्र अस्सल मराठी : वहिनी, वन्सं, भाऊजी, काकू. शहराचं नाव मराठी माणसाच्या तोंडी बडोदं किंवा बडोदा. वडोदरा हे रेल्वेच्या पाटीवर आणि सरकारी पत्रात.

हाक मारण्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. धाकटी मोठीला आधी 'वहिनी' आणि 'तुम्ही' म्हणायची, मोठी तिला नावाने आणि 'अगं' म्हणून. भांडणानंतर धाकटीने 'तुम्ही' सोडलं नाही, तिने हाकच सोडली. बावीस वर्षं ती मोठीला काहीच म्हणत नाही. समोर आली तर मुलीला सांगते, 'काकूला विचार चहा घेणार का.' मुलगी मोठी होते, लग्न होऊन जाते, निरोप न्यायला कोणी उरत नाही. असा एक तपशील अबोल्याबद्दलच्या पाच पानांचं काम करतो.

योगायोग चालतो का?

अडचण निर्माण करायला चालतो, सोडवायला नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुराच्या वेळी त्या वस्तीत आल्याचं बडोद्याने २०१९ ला पाहिलं, २०२४ लाही पाहिलं. दाराबाहेर मगर आहे म्हणून दोघी जावा एका घरात रात्रभर अडकल्या, हे बडोद्यात पटेल आणि गमतीचंही आहे. पण त्या रात्री भीतीने त्यांनी एकमेकींना मिठी मारली आणि सगळं मिटलं, असं केलंत तर मगरीने काम केलं, मोठीने नाही. अडकू द्या, बोलू द्या, सकाळी वनखात्याची माणसं येऊन गेल्यावर भांडण पहिल्यापेक्षा वाढलेलं असू द्या.

आजारपणाचंही तेच. रुग्णालयातल्या खाटेवर मिळालेली माफी ही दयेपोटी मिळालेली असते, आणि बरी झाल्यावर ती टिकेल का हा प्रश्न वाचणारीच्या मनात राहतो.

नवऱ्याला दुसरी संधी द्यायची असेल तर?

तिथे कायदा नीट समजून घ्या, त्यात कथानकाला लागणारी मुदत तयार आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं कलम १३-ब त्यात १९७६ साली आलं. अर्जाआधी दोघं किमान एक वर्ष वेगळं राहिलेले हवेत. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा न्यायालयाला सांगायचं. योग्य कारण असेल तर न्यायालय सहा महिन्यांची अट शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. या सहा महिन्यांत हलकीफुलकी कादंबरी मस्त बसते : वेगळी झालेली जोडी, अर्धवट वाटलेली भांडी, आणि मुलाच्या शाळेत पालकसभेला शेजारशेजारी बसणं. हुकूम झाल्यानंतर मात्र पुन्हा संसार करायचा तर पुन्हा लग्न करावं लागतं. सत्तरीची आजी 'आहेर परत द्यायचा का गं?' असं विचारू शकते.

बडोद्यातल्या आजीला हा विषय नवा वाटू नये, हेही लक्षात असू द्या. बडोदे संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ साली केला, देशाच्या आधी चोवीस वर्षं. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात एखादी खापरपणजी संस्थानी कायद्याने वेगळी झालेली असू शकते, आणि घरात तिचं नाव कुजबुजत घेतलं जात असेल. नातीला ते नाव मोठ्याने घेता यावं, हीसुद्धा एक भरपाई आहे.

सगळ्याच चुका माफ व्हाव्यात का?

नाही. मारहाण, हुंड्यासाठी छळ, मुलांवरचा अत्याचार या गोष्टी या प्रकारात माफीच्या वाटेवर आणू नका. वाचणाऱ्यांत ते सोसलेल्या बायका असतात आणि 'शेवटी घर टिकलं' हे त्यांच्या जखमेवर मीठ आहे. अशा माणसापासून दूर होऊन नव्याने उभी राहिलेली बाई, ही दुसरी संधी नक्की लिहा. तिथे संधी तिची असते, त्याची नाही. तिने स्वतःलाच दिलेला त्रास, मोडलेलं शिक्षण, सोडलेलं गाणं, तिची भरपाई तिला स्वतःलाच करू द्या.

पुरुषांनी काय करायचं?

अडचणीत भर घालावी, चांगल्या मनाने. दोन्ही भावांना बावीस वर्षांत भांडणाचं कारण माहीतच नाही, हे पूर्ण खरं वाटतं. तोडगा त्यांच्या हातून नको.

लांबी किती? प्रकरणं किती?

५० ते ५५ हजार शब्द. १,८०० शब्दांची ३० प्रकरणं धरली तर ५४ हजार होतात, म्हणजे छापील साधारण दोनशे पानं. दुपारच्या चहाआधी एक प्रकरण संपावं हे माप आहे. दिवाळी अंकासाठी हाच जीव १० ते १२ हजार शब्दांत बसवायचा असेल तर फसलेले प्रयत्न तीनाऐवजी एकच ठेवा, भिशीचा, आणि नवऱ्यांना पूर्ण गाळा. सिनेगीतांच्या ओळी घालू नका. गीतकाराच्या निधनाला ६० वर्षं झालेली नसतील तर परवानगी लागते, आणि ती मिळवण्यात पुस्तक लांबतं.

मधल्या भागात गाडी रुतते. काय चुकलेलं असतं?

बहुतेक वेळा नायिकेकडे करायला काम उरलेलं नसतं, ती फक्त पश्चात्ताप करत असते. पश्चात्तापाची पानं मोजा. सलग दोन झाली की तिच्या हातात काहीतरी द्या. तिला तांदळाचं पाणी बदलायचंय, नणंदेला पत्र लिहायचंय, गरनाळ्यापलीकडे रिक्षा जाईना म्हणून चप्पल हातात घेऊन चालायचंय. दुसरं कारण म्हणजे धाकटीचं स्वतःचं आयुष्यच नसणं. ती बावीस वर्षं नुसती रुसून बसलेली नसते. तिचं शिवणकामाचं दुकान आहे, गिऱ्हाइकं आहेत, ती गरब्याचे चणिया-चोळी शिवते आणि नवरात्राआधी दोन महिने तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. मोठी माफी मागायला येते तेव्हा धाकटीच्या तोंडात टाचण्या असाव्यात आणि समोर घाईत असलेलं गिऱ्हाईक. माफीला रांगेत उभं राहावं लागलं की प्रसंग आपोआप चालू लागतो.

शेवट कुठे करावा?

समेटानंतर लगेच, आणि मिठीच्या आधी. आमच्या उदाहरणात पाऊण किलो गुळाचे अनारसे हसून झालेले आहेत. नणंद पहिल्यांदाच गप्प आहे. तळलेली जाळी बशीत काढून जावई खातो आहे आणि चांगली लागते म्हणतो आहे, कारण ती खरंच चांगली लागते. आता खरं पीठ, अर्ध्या किलोचं, धाकटीने पाच दिवस मुरवलेलं. कढई तीच. पहिला अनारसा धाकटी सोडते, झारा मोठीच्या हातात आहे, आणि तिचं लक्ष नाही, ती धाकटीच्या तोंडाकडे बघते आहे. अनारसा एका कडेने करपायला लागतो.

'वहिनी,' धाकटी म्हणते, 'वरून तूप उडवा ना.'